जास्वंद आणि बोगनवेल: एकाच पाण्यावर दोन्ही का फुलत नाहीत

प्रश्न थोडक्यात असा आहे. गच्चीवर जास्वंद आणि बोगनवेलीच्या कुंड्या शेजारीशेजारी आहेत. दोन्हींना रोज सारखं पाणी आणि पंधरा दिवसांनी सारखंच खत मिळतं. जास्वंदीच्या कळ्या उमलायच्या आधीच गळतात. बोगनवेल हिरवीगार आहे, पण तिच्यावर रंगाचा मागमूस नाही. चुकतंय कुठे? आणि कुंपण, मांडव, कुंडी, फुलांचा वापर अशा वेगवेगळ्या कामांसाठी दोघींपैकी कोणती निवडावी?

जास्वंदीला सातत्य लागतं आणि बोगनवेलीला खंड लागतो. दोघींनाही भरपूर ऊन आवडतं, दोघी नव्या फुटीवर फुलतात आणि कडाक्याची थंडी दोघींनाही सोसत नाही, म्हणून त्यांची निगाही एकच असेल असं वाटतं. पण पाण्याचा ताण बसला की जास्वंद कळ्या टाकते आणि बोगनवेल कळ्या धरते. पाणी, खत, माती, कुंडी यांचे सगळे फरक इथूनच निघतात.

फूल येतं कुठून

जास्वंदीची फांदी शेंड्याकडे वाढत राहते आणि शेंड्याजवळच्या कोवळ्या पानांच्या बेचक्यात एकेक कळी धरते. साध्या एकेरी जातींचं फूल बहुधा एकच दिवस टिकतं, काही संकरित जातींचं दोन-तीन दिवस. म्हणजे रोज फूल हवं असेल तर रोज नवी कळी हवी आणि नव्या कळीसाठी शेंडा वाढता हवा. पाणी, अन्न किंवा ऊन यांपैकी एकाचीही तूट पडली की शेंडा थबकतो. त्याचा परिणाम लगेच दिसत नाही, तीन-चार आठवड्यांनी फुलं आटतात. त्यामुळे आज फुलं का नाहीत याचं कारण बरेचदा गेल्या महिन्यात शोधावं लागतं.

बोगनवेलीत ज्याला आपण फूल म्हणतो ती खरं तर रंगीत पानं आहेत, वनस्पतिशास्त्राच्या भाषेत सहपत्रं. तीन सहपत्रांच्या आत तीन बारीक नळीसारखी फिकट फुलं असतात, तीच खरी. सहपत्रं कागदासारखी असल्यामुळे आठवडेच्या आठवडे टिकतात. बोगनवेलीचा काटा आणि फुलोरा हे मुळात एकच अवयव आहेत, आणि निगेच्या दृष्टीने हे पक्कं लक्षात ठेवायला हवं. पानाच्या बेचक्यातून जो कोंब निघतो त्याचा एक तर काटा होतो, नाही तर फुलोरा. पाणी आणि नत्र (नायट्रोजन) मुबलक, ऊन कमी, दिवस मोठा अशा स्थितीत तो काट्याकडे झुकतो. कडक ऊन, थोडा ताण आणि लांब रात्री मिळाल्या की फुलोऱ्याकडे. बोगनवेलीवर हातभर लांब, जाड, सरळसोट, काटेरी फुटवे दिसत असतील तर ते जोमाचं लक्षण वाटलं तरी पाणी आणि नत्र जास्त झाल्याची ती खूण आहे.

तिचं मूळ घर दक्षिण अमेरिका. ब्राझीलमध्ये रिओ दि जानेरोला १७६७ साली फिलिबेर कॉमर्सां या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने ती गोळा केली आणि मोहिमेचा प्रमुख लुई आंत्वान द बुगेनव्हिल याचं नाव तिला मिळालं. कोरडा काळ सोसून, संधी मिळताच रंगाने भरून जाण्याची सवय तिला निसर्गाने दिली आहे. आपण ती कुंडीत आणतो आणि रोज पाणी देऊन तो कोरडा काळ काढून टाकतो.

पाणी

जास्वंदीच्या कुंडीत बोट दोन-तीन सेंटीमीटर खुपसा. तिथे माती कोरडी लागली की पाणी द्यायचं, आणि कुंडीच्या तळाच्या भोकातून थोडं बाहेर येईपर्यंत द्यायचं. कडक उन्हाळ्यात ३० सेंटीमीटरच्या कुंडीला हे रोज लागू शकतं, गच्ची तापत असेल तर सकाळ-संध्याकाळ. थंड किंवा ढगाळ दिवसांत तीन-चार दिवसांनीही पुरतं. रोज कपभर पाणी वरवर टाकणं ही सगळ्यात वाईट पद्धत. वरची माती ओली दिसते, खालची मुळं कोरडी राहतात आणि क्षार वरच साठतात.

भर दुपारी जास्वंदीची पानं मलूल दिसली म्हणून धावत जाऊन पाणी ओतू नका. आधी माती पाहा. माती कोरडी असेल तर पाणी द्या. माती ओली असूनही पानं मान टाकत असतील आणि संध्याकाळीही सावरत नसतील, तर मुळं कुजत आहेत. त्यात आणखी पाणी म्हणजे झाड गेलंच. अशा वेळी कुंडी सावलीत घ्या, तळाची भोकं मोकळी करा. दोन-तीन दिवसांत फरक नसेल तर झाड काढून काळी पडलेली, बोटाने सोलली जाणारी मुळं कापा, नव्या भुसभुशीत मातीत लावा आणि वरची वाढ एक तृतीयांश कमी करा, कारण उरलेल्या मुळांना तेवढाच पसारा पोसता येतो.

बोगनवेलीचा हिशोब वेगळा. वरची चार-पाच सेंटीमीटर माती पूर्ण सुकू द्यायची आणि कोवळे शेंडे संध्याकाळी किंचित झुकायला लागले की भरपूर पाणी द्यायचं. मग पुन्हा तसंच सुकू द्यायचं. कुंडी उचलून पाहण्याची सवय लावली तर वजनावरूनच कळतं. कुंडीखाली पाणी साठणारी ताटली ठेवू नका. जास्वंद उन्हाळ्यात ताटलीतलं पाणी थोडा वेळ सहन करते, बोगनवेलीची बारीक मुळं साचलेल्या पाण्यात गुदमरतात.

फुलवण्यासाठी मुद्दाम ताण द्यायचा असेल तर झाड निरोगी, किमान वर्षभर कुंडीत रुजलेलं आणि १०-१५ सेंटीमीटर नवी फूट आलेलं असावं. ते दिवसभर ऊन मिळेल अशा जागी ठेवा आणि पाणी बंद करा. पानं स्पष्टपणे लोंबायला लागली की कुंडीच्या आकाराप्रमाणे अर्धा ते एक लिटर पाणी द्या, तळातून वाहून जाईल इतकं नको. झाड सावरतं. पुन्हा लोंबेपर्यंत थांबा. असं दोन-तीन आठवडे चाललं की फुटीच्या बेचक्यांत टोकदार कोंबांऐवजी बारीक घोस दिसू लागतात आणि त्यांत रंगाचे ठिपके डोकावतात. इथे बहुतेकांची चूक होते. आता कळ्या आल्या, ताण चालू ठेवू म्हणजे आणखी येतील, असं वाटतं. पण कळ्या दिसल्या की ताण संपवायचा आणि नेहमीचं पाणी सुरू करायचं, नाही तर धरलेले घोसच वाळून गळतात. पानं कुरकुरीत होईपर्यंत सुकवणं हाही अतिरेकच. त्यात शेंडे मरतात आणि बहर महिना-दीड महिना मागे जातो.

जमिनीतल्या जुन्या बोगनवेलीला असा ताण देता येत नाही, कारण मुळं खोल गेलेली असतात. तिला वरून पाणी देणं थांबवायचं, एवढंच आपल्या हातात. रुजलेल्या वेलीला तसंही पाण्याची फारशी गरज उरत नाही.

माती आणि कुंडी

जास्वंदीला ओल धरणारी पण पाणी न तुंबणारी माती हवी. चार भाग बागेची माती, तीन भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळ खत, दोन भाग कोकोपीट आणि एक भाग जाड वाळू किंवा परलाइट (हलके, पांढरे खनिज दाणे) हे मिश्रण चालतं. ३० सेंटीमीटर कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड मिसळा. मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचं माप) ६ ते ६.८ असला की तिला सगळं अन्नद्रव्य नीट मिळतं.

बोगनवेलीला कोकोपीट घालू नका. पाच भाग माती, तीन भाग जाड वाळू किंवा विटेचे बारीक तुकडे, दोन भाग कुजलेलं खत पुरे. सामू ५.५ ते ६.५ उत्तम. तिची मुळं कुंडीत थोडी दाटलेलीच बरी. लहान झाड एकदम मोठ्या कुंडीत लावलं तर मुळांभोवतालची जादा माती ओलीच राहते आणि झाड मुळं-पानं वाढवण्यातच वर्ष घालवतं. कुंडी बदलायची तर एका वेळी ५ सेंटीमीटरने मोठी घ्या. बदलताना गोळा फोडू नका, मुळं मोकळी करायच्या फंदात पडू नका. बोगनवेलीची तंतुमुळं अतिशय ठिसूळ असतात. प्लास्टिकची पिशवी ओढून काढण्याऐवजी उभी कापा आणि गोळा तसाच्या तसा नव्या मातीत बसवा. धट्टीकट्टी दिसणारी बोगनवेल रोपवाटिकेतून आणल्यावर मरते, त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं. जास्वंद याबाबतीत पुष्कळ सोशिक आहे. तिच्या गोळ्याला गुंडाळलेली मुळं सोडवली, थोडी कापली तरी ती सावरते.

पाण्याची ठिबक नळी एकच असेल आणि वेगळी करणं शक्य नसेल, तर कुंड्यांनी फरक भरून काढता येतो. जास्वंद प्लास्टिकच्या किंवा चकाकी दिलेल्या कुंडीत लावा, म्हणजे ओल टिकते. बोगनवेल साध्या भाजक्या मातीच्या कुंडीत वाळूमिश्रित मातीत लावा, तिच्या भिंतींतूनही पाणी उडून जातं. जास्वंदीच्या कुंडीवर वाळक्या पानांचं तीन-चार सेंटीमीटर आच्छादन घाला, बोगनवेलीची माती उघडी ठेवा. तरीही बोगनवेलीच्या नळीला छोटी तोटी बसवणं हा खरा उपाय. फुटकळ खर्चाची ती तोटी बाकीच्या साऱ्या कसरती वाचवते.

खत

जास्वंद खादाड आहे, पण एका गोष्टीत नाजूक. स्फुरद (फॉस्फरस) जास्त झालं की तिला लोह आणि जस्त घेता येत नाही. ‘फुलांसाठी खास’ म्हणून मिळणाऱ्या खतांत स्फुरद भरपूर असतं आणि हाडांच्या खताचा सल्लाही सर्रास दिला जातो. दोन्ही जास्वंदीला वारंवार दिल्यास नवी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. तिला नत्र मध्यम, स्फुरद कमी आणि पालाश (पोटॅशियम) जास्त असं प्रमाण मानवतं. १३:००:४५ (नत्र, स्फुरद, पालाश यांची याच क्रमाने टक्केवारी) हे पाण्यात विरघळणारं खत लिटरमागे २ ग्रॅम, दर पंधरा दिवसांनी, आणि दर महिन्याला कुंडीमागे दोन मुठी गांडूळ खत एवढ्यावर ती मजेत राहते. खत नेहमी ओल्या मातीत द्या. कोरड्या मातीत दिलेलं खत मुळं जाळतं.

बोगनवेलीला असं वेळापत्रक नको. छाटणीनंतर कुंडीत दोन मुठी कुजलेलं खत घाला. नवी फूट निघाली की १९:१९:१९ लिटरमागे २ ग्रॅम, वीस दिवसांच्या अंतराने दोनदा. त्यानंतर ताण सुरू करायच्या आधीच खत बंद, ते थेट पुढच्या छाटणीपर्यंत. ताज्या शेणाचं पाणी, युरिया किंवा ताजं शेणखत देत राहिलात तर काटेरी फुटवेच वाढतील. तुमच्या गच्चीवर नेमकं हेच झालं आहे: पंधरवड्याचं खत आणि रोजचं पाणी, दोन्ही जास्वंदीच्या मापाने बोगनवेलीला मिळतं आहे.

पानं पिवळी पडण्याचे दोन प्रकार वेगळे ओळखा. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोहाची तूट. ती बहुधा मातीत लोह नसल्यामुळे होत नाही, सामू वाढल्यामुळे होते. जड, क्षारयुक्त पाणी हे त्याचं नेहमीचं कारण. ईडीडीएचए प्रकारातलं चिलेटेड लोह (मुळांना सहज घेता येईल अशा रूपातलं) लिटरमागे १ ग्रॅम घेऊन मातीत द्या आणि शक्य तितकं पावसाचं पाणी वापरा. खालची जुनी पानं शिरांच्या मध्ये पिवळी पडत असतील तर मॅग्नेशियमची तूट. लिटरमागे २ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट पानांवर संध्याकाळी फवारा. आणि अधूनमधून खालचं एखादं पान पूर्ण पिवळं होऊन गळणं हे जास्वंदीचं रोजचंच आहे, त्यावर औषध शोधू नका.

छाटणी

दोघी नव्या फुटीवर फुलतात, त्यामुळे छाटणी दोघींना हवी. छाटायची पद्धत मात्र वेगळी.

जास्वंद एकाच वेळी सगळी छाटली तर दोन-तीन महिने फूल मिळत नाही. म्हणून फांद्यांचे तीन गट करा. आज एक तृतीयांश फांद्या निम्म्यावर आणा, पाच-सहा आठवड्यांनी दुसरा गट, आणखी पाच-सहा आठवड्यांनी तिसरा. झाडावर कुठे ना कुठे फुलं राहतात. काप बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या अर्धा सेंटीमीटर वर, थोडा तिरका घ्या. आतल्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्यावर कापलं तर फांद्या एकमेकींत घुसतात आणि त्या दाटीत पिठ्या ढेकूण (कापसासारखी पांढरी कीड) घर करतो. थंडी संपून ऊब वाढायला लागते तो काळ छाटणीला सर्वात चांगला.

बोगनवेल बहर ओसरल्यावर लगेच छाटायची. तिला अर्ध्यावर आणलं तरी ती तक्रार करत नाही. मोठी वार्षिक छाटणी एक, आणि मधल्या प्रत्येक बहरानंतर शेंड्याचे २०-२५ सेंटीमीटर कापणं पुरे. जमिनीजवळून किंवा जाड खोडातून निघणारे काटेरी धुमारे ३० सेंटीमीटरचे झाले की शेंडा खुडा. मग त्याला बाजूच्या फांद्या फुटतात आणि रंग त्यांवरच येतो. रंग नाही म्हणून चिडून दर पंधरा दिवसांनी छाटत राहणं ही मात्र हमखास चूक. प्रत्येक वेळी कळी धरायला आलेला शेंडाच कापला जातो. छाटल्यानंतर सहा-आठ आठवडे कात्रीला हात लावू नका. ‘महारा’ या वाणासारख्या भरगच्च, दुहेरी सहपत्रांच्या बोगनवेलींत सुकलेले घोस आपोआप गळत नाहीत, ते हाताने काढावे लागतात.

बोगनवेल छाटताना जाड कातडी हातमोजे घाला आणि डोळ्यांवर चष्मा ठेवा. काट्याची जखम चिघळू शकते आणि रसाने काहींच्या त्वचेवर पुरळ उठतं.

कळीगळ, किडी आणि इतर दुखणी

तुमच्या जास्वंदीच्या कळ्या का गळतात हे गळलेली कळीच सांगेल. वाटाण्याएवढ्या लहान कळ्या पिवळ्या होऊन गळत असतील तर पाण्यातला चढउतार, अचानक वाढलेली उष्णता, ऊन कमी पडणं किंवा कुंडीची जागा बदलणं यांपैकी काहीतरी असतं. पारा ३५ अंशांच्या वर राहिला की काही मोठ्या फुलांच्या संकरित जाती अशाच कळ्या टाकतात. दुपारची दोन-तीन तास जाळीची सावली द्या.

उमलायला आलेली मोठी कळी गळत असेल तर ती ब्लेडने उभी चिरा. आत बारीक पिवळट-पांढऱ्या अळ्या दिसल्या आणि त्या टुणकन उडाल्या, तर ती कळीतली मिज माशी. मादी कोवळ्या कळीत अंडी घालते, अळी आतून कळी खाते, कळीबरोबर खाली पडते आणि मातीत शिरून कोष करते. हे चक्र साधारण तीन आठवड्यांचं. म्हणून फवारणीपेक्षा गळलेल्या आणि पिवळ्या पडू लागलेल्या सगळ्या कळ्या रोज वेचून बंद पिशवीत भरून टाकणं जास्त गुणकारी ठरतं. तीन-चार आठवडे एकही दिवस चुकवू नका. कंपोस्टच्या ढिगात त्या टाकल्या तर माशी तिथूनच परत येते. दुहेरी फुलांच्या जातींना हा त्रास जास्त होतो. अळ्या नसतील पण पाकळ्यांच्या कडा तपकिरी आणि ओरखडल्यासारख्या असतील तर फुलकिडे आहेत. त्यांना निळे चिकट सापळे आणि निंबोळी तेल लागू पडतं.

पिठ्या ढेकूण हा जास्वंदीचा खरा वैरी, आणि शेजारच्या बोगनवेलीवरही तो जातो. शेंडे आखडले, पानं चुरगळली, बेचक्यात कापसासारखे पुंजके दिसले की आधी मुंग्या पाहा. किडीच्या गोड स्रावासाठी मुंग्या तिची राखण करतात आणि तिला इकडून तिकडे नेतात. मुंग्या थांबवल्याशिवाय फवारणीचा उपयोग तात्पुरता. खूप माखलेले शेंडे कापून पिशवीत बंद करा. उरलेल्या भागावर पाण्याचा जोरदार फवारा मारा. मग निंबोळी तेल ५ मिलिलिटर आणि पातळ साबण १ मिलिलिटर एक लिटर पाण्यात घुसळून पानांच्या खालून, बेचक्यांत, खोडावर फवारा. सहा-सात दिवसांच्या अंतराने तीन वेळा, कारण अंडी एका फवारणीत मरत नाहीत. फवारणी उन्हं उतरल्यावर करा. उन्हात तेल पान जाळतं. क्रिप्टोलीमस हा भुंगेरा या किडीचा फडशा पाडतो. त्याची अळी स्वतःच पांढऱ्या मेणाच्या झिपऱ्यांनी झाकलेली असते आणि पिठ्या ढेकूण समजून लोक तिलाच मारतात. मोठी, झिपऱ्या लांब असलेली आणि भराभर चालणारी दिसली तर तिला राहू द्या. मॅलेथिऑन जास्वंदीला सोसत नाही, पानगळ होते.

बोगनवेलीवर किडी एकंदरीत कमी. पानांच्या कडा रातोरात कुरतडलेल्या दिसल्या आणि दिवसा काहीच सापडलं नाही तर उंटअळी समजा. ती काडीसारखी फांदीला चिकटून बसते. संध्याकाळी बॅसिलस थुरिंजिएन्सिस हे जैविक कीटकनाशक फवारा. पावसाळी हवेत पानांवर लालसर-तपकिरी ठिपके आणि मग पानगळ दिसली तर पानांवर पाणी मारणं बंद करा, आतली दाटी विरळ करा, रोगट पानं उचला. बहरलेली बोगनवेल नव्या जागी आणल्यावर आठवड्याभरात सगळा रंग झाडते, तेही दुखणं नव्हे. जागा बदलल्याचा तो परिणाम आहे. त्यावर जादा पाणी ओतलं तर मात्र दुखणं सुरू होतं.

रोपं तयार करणं

जास्वंदीची १२-१५ सेंटीमीटरची, पेन्सिलीएवढी, अर्धवट पक्व काडी घ्या. खालची पानं काढा, वरची दोन अर्धी कापा, खालचं टोक २००० ते ३००० पीपीएम तीव्रतेच्या आयबीए (मुळं फुटायला मदत करणारं संप्रेरक) भुकटीत बुडवून ओलसर वाळू-कोकोपीटमध्ये खोचा आणि सावलीत ठेवा. महिना-दीड महिन्यात मुळं येतात. मोठ्या फुलांच्या संकरित जाती स्वतःच्या मुळांवर अशक्त राहतात, त्या साध्या लाल जास्वंदीच्या खुंटावर कलम करून घेतात.

बोगनवेलीला पक्व, लाकडासारखी १५-२० सेंटीमीटरची काडी लागते आणि वेळ दुप्पट. काडीला पानं फुटली म्हणजे रुजली असं समजून उपटून पाहू नका. ती पानं काडीतल्या साठ्यावर फुटलेली असतात, मुळं पुष्कळ नंतर येतात. न रुजणाऱ्या जातींसाठी गुटी कलम करा, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळं फुटवून मग कापा.

कुठे कोणती, कशासाठी

दाट, हिरवं, डोळ्यांच्या उंचीचं कुंपण हवं असेल तर जास्वंद. ६० ते ९० सेंटीमीटर अंतरावर लावा. मोठ्या कात्रीने सपाट भादरत राहिलात तर भिंत छान होते, पण कळ्यांचे शेंडेच जातात. फुलं हवी असतील तर सिकेटरने (छाटणीच्या हातकात्रीने) फांदी-फांदी निवडून छाटा. गुरं किंवा माणसं आत येऊ नयेत असं अडवणारं कुंपण हवं असेल तर बोगनवेल, मीटर-सव्वा मीटर अंतरावर. मुलं खेळतात त्या वाटेच्या कडेला ती नको.

मांडवावर, कमानीवर, भिंतीवरून सोडायला बोगनवेलीला तोड नाही. पण तिला ताणे नसतात आणि ती भिंतीला चिकटतही नाही. काट्यांच्या आधाराने ती दुसऱ्यावर रेलते एवढंच. तिला बांधावं लागतं, आणि काही वर्षांनी तिचं वजन मोठं होतं. मांडव बांबूचा न करता लोखंडी पाइपचा करा. उतरत्या छपराखाली लावली तर सुकी सहपत्रं पन्हाळीत अडकतात. समुद्रकाठच्या खाऱ्या वाऱ्यात आणि रेताड जमिनीतही ती टिकते. तिथे जास्वंदीची पानं कडेने करपतात.

पक्षी आणि फुलपाखरं यावीत असं वाटत असेल तर एकेरी जास्वंद लावा. मधुरस भरपूर असल्याने शिंजीर रोज फेरी मारतात. फार भरगच्च दुहेरी फुलांत त्यांना मधुरसापर्यंत पोचणं कठीण जातं.

फुलांच्या वापरात जास्वंद स्पष्टपणे पुढे आहे. तिची पानं कुस्करून पाण्यात चोळली की बुळबुळीत रस निघतो. तो गाळून केस धुवायला वापरतात. पहिल्यांदा वापरताना कोपराच्या आत थोडा लावून दिवसभर वाट पाहा. लाल पाकळ्यांचं गरम पाण्यातलं अर्कपाणी जांभळट होतं आणि लिंबू पिळलं की लालभडक, कारण तिचा रंग अँथोसायनिनचा आहे. पाकळ्या कागदावर चोळून सुकवल्या तर मुलांसाठी उत्तम दर्शक कागद होतो: आम्लात लाल, खायच्या सोड्याच्या पाण्यात हिरवट. पिण्यासाठी घ्यायची तर हिरवा भाग आणि पुंकेसरांचा दांडा काढून फक्त पाकळ्या घ्या, आणि फवारणी केलेल्या झाडाची फुलं अजिबात नकोत. गरोदरपणात किंवा गर्भधारणेचा प्रयत्न चालू असताना जास्वंदीचा अर्क घेऊ नये. बाजारात हिबिस्कस चहा म्हणून जे आंबट लाल पेय मिळतं ते लाल अंबाडीच्या बोंडांच्या मांसल वेष्टनाचं असतं, बागेतल्या जास्वंदीचं नाही.

बोगनवेलीचा रंग बीटलेन वर्गातला, बीटरूटमध्ये असतो त्याच घराण्यातला. सहपत्रं वहीत दाबून सुकवली तर पुष्कळ काळ रंग धरतात, भेटकार्डं आणि चौकटी यांसाठी ती सुरेख. बोन्सायसाठीही बोगनवेल फार चांगली: खोड लवकर जाड होतं, कडक छाटणी सोसते आणि उथळ तबकातली मुळांची दाटी तिला फुलायलाच लावते.

ऊन रोज पाच तासांपेक्षा कमी असेल तर बोगनवेलीचा विचारच सोडा. तिथे जास्वंद निदान थोडी तरी फुलेल. ऊन भरपूर असून पाण्याला रोज हात लावणं शक्य नसेल तर बोगनवेल घ्या. दोन्ही एकाच कुंपणात हव्या असतील तर बोगनवेल टोकांना आणि जास्वंद मधल्या पट्ट्यात लावा, दोघींत किमान दोन मीटर अंतर ठेवा, आणि पाण्याचा चर फक्त जास्वंदीच्या रांगेपुरता काढून बोगनवेलीच्या दीड मीटर अलीकडे मातीच्या बांधाने बंद करा.